गिटार आणि ओलं गोणपाट

१ एप्रिल, मंगळवार

आज पाचव्यांदा मोजलं. माझ्या गिटारची मान वाकली आहे, यात आता शंका उरलेली नाही. बाराव्या पट्टीपाशी तार इतकी वर आलीय की खालून झेंडूचं देठ सहज जाईल. देठ घालून पाहिलं. गेलं.

ही गिटार रोहितकाकाने कॉलेजात असताना घेतलेली, प्लायवूडची. तो नोकरीला पुण्याला गेला आणि ती माझ्याकडे राहिली. मी क्लासला कधीच गेले नाही. बाबा इथे मखमलाबादच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. लहानपणी ते पेटीवर एक सूर धरून बसायचे आणि मी गिटारवर तो सापडेपर्यंत शोधायचे. सापडला की म्हणायचे, "हां. आता त्याच्या शेजारचा." माझं शिक्षण एवढंच. त्यामुळे 'कुणाकडे शिकलीस' असं कुणी विचारलं की मला चोरी पकडल्यासारखं होतं.

सिन्नरच्या कंपनीत क्वालिटी तपासणीत मला चार वर्षं झाली. बाजूला ठेवलेल्या पैशांतून एकच गिटार घ्यायची, पण अख्ख्या लाकडाची, जन्मभर पुरेल अशी. सहा महिने वाचून आणि ऐकून झाल्यावर असं दिसतं की मला हवा तो आवाज अमेरिकेत बनलेल्या गिटारींमध्ये आहे. नवी परवडणार नाही. म्हणजे जुनी. म्हणजे आधीच्या माणसाने ती कशी वापरली असेल, याची काळजी आलीच.

तपासणीची यादी केली आहे. सत्तावीस मुद्दे झाले. अठ्ठावीसावा आठवत होता, जेवताना विसरले.

५ एप्रिल, शनिवार

आमच्या कंपनीची सुट्टी शनिवारी असते. दोन गिटारी पाहिल्या.

पहिली देवळाली कॅम्पात. मधल्या भोकातून टॉर्च मारली. आत लेबल: 'मेड इन यू.एस.ए.' त्याच्याखाली दुसऱ्या लेबलचा कोपरा दिसत होता.

"आत दोन लेबलं आहेत," मी म्हटलं.

"कंपनीच लावते ताई. डबल."

"कशासाठी?"

विकणाऱ्याने थोडा विचार केला. "मजबुतीसाठी."

दुसरी इंदिरानगरमध्ये. ती खरी होती, पण मानेच्या मागून बोट फिरवलं तर एक रेघ लागली. तुटून चिकटवलेली मान. मालक म्हणाले, "अरे हो, ते सांगायचं राहिलंच." खोट त्यांनी लपवली आणि ओशाळले मी. घरी येईपर्यंत वाटत होतं, आपण जास्तच बारकाईने पाहिलं का, त्यांना वाईट वाटलं असेल का.

आजीला सांगितलं. आजी म्हणजे आक्काबाई, गणेशवाडीच्या फूलबाजारात चाळीस वर्षं बसलेली बाई. ती म्हणाली, "इकताना आपल्या मालाची खोट आपण आधी सांगायची. गिऱ्हाइकाला हुडकाय लावायची नाय." हा तिचा पहिला नियम. दुसरा नियम घेण्याचा: घेताना मालाचं कौतुक करायचं नाही. रोपं घ्या, कंद घ्या, तोंड कोरं ठेवायचं आणि फक्त वाईट काय ते बोलायचं. मी सहा वर्षांची असल्यापासून तिच्याबरोबर रोपवाटिकेत जात आले आहे. एकदा मी गुलाबाचं रोप पाहून "किती छान" म्हणाले, तर परत येताना ती टेम्पोत माझ्याशी बोलली नाही.

९ एप्रिल, बुधवार

बाबांच्या मंडळातल्या तबलजींनी एक नंबर दिला. झुंबर गायकवाड सर, शरणपूर रोड. गणिताचे शिक्षक होते, आता निवृत्त. चर्चमध्ये चाळीस वर्षं गिटार वाजवली. बहीण शिकागोला नर्स होती, तिने तिथून आणून दिलेली गिटार. दोन वर्षांपूर्वी सर पडले, तेव्हापासून डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, म्हणून विकताहेत. तबलजी म्हणाले, "माणूस खवट आहे. तिघांना परत पाठवलंय."

गिटारच्या कंपनीचं नाव मी दोनदा विचारून घेतलं. ते नाव इथेही लिहीत नाही. किंमतही लिहीत नाही, कारण आई ही वही वाचते असा मला संशय आहे.

१२ एप्रिल, शनिवार

शांतपणे, क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

सरांचं घर तळमजल्यावर. दार उघडल्या उघडल्या म्हणाले, "क्वालिटीवाली तूच ना? ये. फक्त माझी तपासणी करू नकोस, मी नापास होईन."

त्यांनी केस टेबलावर ठेवली आणि उजव्या हाताने एकेक कडी उघडली. वरची फळी जुन्या तुपाच्या रंगाची झालेली. जिथे त्यांचा हात टेकायचा तिथे थोडी फिकट. मी एकच जाड तार अंगठ्याने छेडली आणि मांडणीवरची एक वाटी झिणझिणली. मला वाटलं माझ्या बरगड्याही. असा आवाज मी फक्त हेडफोनमध्ये ऐकला होता. इतका जवळ, इतका सावकाश विरणारा. मी पटकन फटी मोजायच्या पात्यांचं फीलर गेज बाहेर काढलं. तोंड अगदी कोरं ठेवलं. आजीने पाहिलं असतं तर खूश झाली असती.

"कशी वाटते?" सरांनी विचारलं.

मी यादी पुढे घेतली. "बाराव्या पट्टीपाशी तार फार खाली आहे, दीड मिलिमीटरसुद्धा नाही. जाड तार पाचव्या पट्टीवर घरघरते. मागे एक ओरखडा. एक खुंटी बदललेली आहे, मूळची नाही."

"आणि?"

"कडेच्या पांढऱ्या पट्टीला बारीक चीर आहे."

"आणि?"

"केसची एक कडी सैल आहे."

सर माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बरं."

माझ्या तपासणीचा त्यांच्यावर चांगला परिणाम झाला असावा.

मग त्यांनी अनपेक्षित गोष्ट केली. म्हणाले, "घरी घेऊन जा. पुढच्या शनिवारी आण, तेव्हा बोलू. साडी दुकानातल्या दिव्याखाली बघून घेत नाहीत, दारात उजेडात नेतात ना, तसं." मी घाबरून नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. मग मी गिटारच्या स्थितीची नोंद दोन प्रतींत लिहून सही केली. ती वाचून ते म्हणाले, "छत्तीस वर्षं पेपर तपासले, पण इतकं सविस्तर उत्तर कुणी लिहिलं नव्हतं."

घरघरीचं कारणही त्यांनी सांगितलं. उन्हाळ्यात लाकूड सुकतं, वरची फळी किंचित खाली बसते, तार पट्ट्यांना घासते. "हिला ओलावा लागतो. साबणाच्या डबीला भोकं पाड, आत ओला स्पंज, डबी केसमध्ये. बस."

घरी आईने विचारलं, "एवढी जपून का ठेवतेस?" मी म्हटलं, हिला ऊन चालत नाही, ओलावा लागतो.

१३ एप्रिल, रविवार

कामावरून आल्यावर तीन तास वाजवली. भजनी मंडळाची बाबांची ती संथ चाल वाजवली, जी मी दहा वर्षं वाजवतेय, आणि तिच्यात मला माहीत नसलेली एक खालची बाजू निघाली. मी थांबून पुन्हा वाजवली. पुन्हा निघाली.

बाबा दारातून म्हणाले, "डबा तो डबाच. ह्या डब्याला काय एवढं?" पण थोड्या वेळाने आमच्या गुलाबांच्या पॉलिहाऊसमधला आर्द्रता मोजायचा काटा घेऊन आले आणि माझ्या कपाटावर ठेवला. "चोवीस टक्के," म्हणाले. "गुलाब असता तर मेला असता." मग त्यांना पेटीची साफसफाई करायची आठवण झाली, म्हणून पेटी माझ्याच खोलीत घेऊन बसले. साफसफाई करताना पेटी इतकी वाजवावी लागते हे मला माहीत नव्हतं. जेवायला आईने चार हाका मारल्या.

तरी एक शंका आहे. एवढ्या चांगल्या गिटारवर मी वाजवावं का? जी रीतसर काही शिकलीच नाही, तिने? एखाद्या खऱ्या वादकाच्या वाटची वस्तू मी अडवून ठेवतेय असं वाटतं.

१५ एप्रिल, मंगळवार

दुपारच्या सुट्टीत सरांचा फोन. "काय म्हणते?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं की आणखी तीन गोष्टी सापडल्या: आतल्या एका आधाराच्या पट्टीवर गोंदाचा ओघळ, नवव्या पट्टीची झीज, आणि तारा अडकवतात त्या ब्रिजवर एक पांढरा ठिपका.

"बास?"

"आतापर्यंत एवढंच, सर."

मग म्हणाले की मालेगावच्या एका डॉक्टरांचा फोन आला होता. "त्यांनी फोटो बघूनच सांगितलं, काय देखणी आहे हो. दवाखान्यात भिंतीवर काचेच्या पेटीत लावणार म्हणतात."

मला वाटलं ते मला सावध करताहेत, की एवढ्याशा फोटोवर भाळणारे लोकही असतात, तू मात्र नीट तपास.

रात्रीच्या जेवणाआधी पुन्हा त्यांचाच फोन. म्हणाले, फोन शेजारी ठेव आणि वाजव, घरघर किती आहे ऐकायचीय. मी बाबांची चाल वाजवली. संपल्यावर म्हणाले, "परत. पूर्ण." मी परत वाजवली. त्यांना नक्कीच काहीतरी बिघाड ऐकू आला असणार, कारण नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही चाल कुणाची?"

"बाबांची."

"हं," म्हणाले आणि फोन ठेवला.

१७ एप्रिल, गुरुवार

मला लिहायलाही भीती वाटतेय.

सहा वाजता कंपनीच्या बसमधून उतरले, घरी आले, खोलीत केस उघडी आणि रिकामी. आई म्हणाली, "शेडमध्ये बघ, आजीने काहीतरी केलंय."

शेडमध्ये मोगऱ्याच्या टोपल्या ओळीने लावलेल्या. शेवटच्या टोपलीनंतर, माठाच्या सावलीत, एक लांबट गाठोडं. ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं, तीन ठिकाणी सुतळीने बांधलेलं. वर मानेच्या खुंट्या तेवढ्या बाहेर.

आजी टोपलीवर पाणी शिंपडत होती. म्हणाली, "आज लय ऊन तापलं. वरती पत्रा, खोलीत भट्टी झालीती. तूच म्हनली ना, तिला ओलावा लागतो. मंग म्या मोगऱ्यासारखी बांधली. सकाळधरनं दोनदा पानी मारलंय. कशी टवटवीत ऱ्हायली बघ."

मी सुतळी सोडली. गाठी सुटेनात, कारण आजीची गाठ गणेशवाडीपर्यंत टेम्पोत टिकायची असते. गोणपाट काढलं. समोरून गिटार ठीक. मग उलटी केली.

मागच्या पॉलिशवर गोणपाट उमटलं होतं. खरोखर उमटलं होतं. आडवे-उभे दोरे, चौकोनाला चौकोन, अगदी गोणीचा शिवणीचा जाड पट्टासुद्धा. त्यावर दुधट धुकं. मी ओढणीने हलकेच पुसलं, धुकं थोडं गेलं, चौकोन राहिले.

आजीने वाकून पाहिलं. "नक्षी उठली व्हय," ती म्हणाली. मग माझा चेहरा पाहिला आणि हातातला तांब्या खाली ठेवला.

सगळ्यात वाईट पुढेच आहे. मी खोलीत नेऊन तिला सुरात लावलं आणि जाड तार पाचव्या पट्टीवर दाबली. घरघर गेली होती. पूर्ण गेली होती. आवाज आधीपेक्षाही गोल आणि मोठा. मी रडत होते आणि तरी पुन्हा पुन्हा तीच तार छेडत होते. मी माणूस म्हणून कशी आहे, हे मला कळेनासं झालंय.

१८ एप्रिल, शुक्रवार

कामावर दोन सुटे भाग चुकून पास केले. स्वतःच परत जाऊन नापास करून आले.

संध्याकाळी घरात बैठक. बाबा म्हणाले, "पॉलिशवाल्याकडून घासून घेऊ, त्यांना कळणारही नाही." मी म्हटलं, मला कळेल. आई म्हणाली, फोन करून टाक. पण आज गुड फ्रायडे, सर दिवसभर चर्चमध्ये असणार. अशा दिवशी हे सांगायचं का? आणि फोनवर सांगायचं म्हणजे तोंड लपवायचं. उद्या न्यायचीच आहे, उद्या समोर सांगेन.

आजी सोडलेली सुतळी बोटाला गुंडाळत बसली होती. शेवटी म्हणाली, "खोट सांगायचा नियम इकणाराला हाय. आपण कुठं इकतोय?" मग स्वतःच मान हलवली. "पर केलीया आपणच. सांगावं लागंल. माझं नाव सांग, म्हातारीनं केलं म्हन."

मी म्हटलं, ओलावा लागतो एवढंच मी सांगितलं, किती ते सांगितलं नाही. चूक माझी. यावर आजी आणि मी बराच वेळ भांडलो, कारण चूक दोघींनाही स्वतःकडेच हवी होती.

कपाटावरचा काटा एकोणसाठ दाखवतोय. बाबांनी खिडकीत ओलं पोतं लावलंय आणि मला सांगितलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार

गेले. दारातच सांगून टाकलं, आत जायच्या आधी, नाहीतर धीर गेला असता.

सरांनी गिटार खिडकीपाशी नेली. चष्मा लावला. पाठीवरून अंगठा फिरवला. "हे काय आहे, गोणपाट?"

"हो."

"कशाचं?"

"कांद्याचं. धुतलेलं होतं, सर."

त्यांच्या खांद्यांना काहीतरी झालं. मी पाणी आणायला उठणार तोच लक्षात आलं की ते हसताहेत. आवाज न करता, मग आवाज करून, मग खोकला येईपर्यंत. "तीस वर्षं मी हिला पाहुण्यांना हात लावू दिला नाही," ते म्हणाले. "माझा सख्खा मेहुणा रुसून गेला. आणि तुझ्या आजीने हिला सुतळीने बांधली?"

"तीन ठिकाणी," मी म्हटलं. मग उरलेलंही सांगितलं, की घरघर गेली आहे, पण ती पाण्यामुळे, आणि हवा कोरडी झाली की परत येऊ शकते, तेव्हा कुणी ऐकायला आलं तर तेही सांगावं, नाहीतर पाणी मारून ताजा दाखवलेल्या मालासारखं होईल. आणि पॉलिशची भरपाई मी देईन. किंवा माझ्या हातून बिघडली म्हणून मीच ती घ्यावी हेही योग्य होईल. दोन्ही बाजूंचा विचार करून आले होते.

सरांनी चष्मा काढला. हसणं थांबलं होतं.

"बिघडली म्हणून घेणार?" ते म्हणाले. "मग नको. आणि भरपाईही नको. तशीही तुला ती आवडलेली नाही. आठवडाभर तुझ्याकडून मी हिच्या उणिवाच ऐकल्यात. नऊ का दहा. चूक नाहीत त्या, सगळ्या बरोबर आहेत. पण माणसाने किती वेळा 'आणि, आणि' विचारायचं? डॉक्टर निदान देखणी तरी म्हणतात. सोमवारी चारला यायचेत ते."

आवडलेली नाही? मी म्हणाले, "ठीक आहे सर." गिटार तिथेच ठेवली. चपला उलट्या पायांत घालून बाहेर आले आणि रविवार कारंज्यापर्यंत चालत गेल्यावर ते कळलं.

२० एप्रिल, रविवार

खोलीत काटा एक्कावन्नवर आहे. मोजायला काही नाही.

आजीला सगळं सांगितलं. ती मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती, हात थांबले नाहीत.

"तू त्याला एकदाबी चांगली हाय म्हनली नाय?"

"घेताना कौतुक करायचं नाही, तूच शिकवलंस."

"अगं, ते रोपवाल्याला." तिने एक किडकी कळी बाजूला टाकली. "रोपवाल्याकडं हजार रोपं. तो आपल्याला फशिवतो, आपण त्याला. ह्या मास्तराकडं एकच हाय. उद्या तुझ्या लग्नात मी पोराकडच्यांना तुझ्या खोडी वाचून दावू का? अन् त्यांनी 'आणि?' इचारलं, तर अजून दोन सांगू?"

मी ती किडकी कळी उचलून उगाच उलटीपालटी केली.

"मंग जा की," आजी म्हणाली.

"आज ईस्टर आहे. आणि ते हो म्हणाले असतील डॉक्टरांना."

"चार वाजायचेत ना उद्या? आपला बाजार पहाटं चारला अस्तो. लय वेळ हाय."

मला आवडलेल्या गोष्टींची यादी करायला बसले. वहीची दोन पानं झाली. हे कधी लिहिलंच नव्हतं, त्यामुळे अक्षर फार वाईट आलंय.

२१ एप्रिल, सोमवार

अर्धी रजा घेतली. साहेबांनी कारण विचारलं, मी म्हटलं, एक वस्तू परत तपासायची आहे. हे खोटं आहे का, याचा बसमध्ये सिन्नर ते द्वारका चौक विचार केला. नीटसं ठरलं नाही.

अडीचला सरांच्या दारात. त्यांनी दार उघडलं, मागे टेबलावर केस, बंद, वर कापड. डॉक्टरांसाठी पुसून ठेवली असणार.

"भरपाई नको म्हटलं ना?" ते म्हणाले.

"भरपाई नाही, सर." मी यादीचे कागद पुढे केले. त्यांनी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, मग घडी करून शर्टच्या खिशात ठेवले.

"हे नंतर वाचतो. तू तोंडाने सांग."

पाठ केलेलं सगळं गेलं. मग जे आलं ते बोलले. सकाळी साडेसहाला, बसच्या आधी, मी फक्त एक तार छेडायचे. एकच, कारण वेळ नसायचा. मग कंपनीत दिवसभर तो आवाज कानात असायचा, आणि गुरुवारी माझं गेजचं वाचन दोनदा चुकलं, चार वर्षांत पहिल्यांदा. बाबांच्या चालीत एक बाजू आहे ती मला दहा वर्षं ऐकूच आली नव्हती. पहिल्या दिवशी तुमची वाटी वाजली तेव्हाच मला कळलं होतं, पण आमच्याकडे घेताना चांगलं म्हणत नाहीत, तशी पद्धत आहे, मी तुम्हाला रोपवाल्यासारखं वागवलं, माझं चुकलं.

"म्हणजे?" सर म्हणाले.

"मला ती हवी आहे."

एवढं साधं वाक्य. म्हणताना कान गरम झाले.

सरांनी फोन उचलला. "डॉक्टर, गायकवाड बोलतोय. गिटार गेली हो. ... नाही, नाही, किमतीचा प्रश्न नाही. ... अहो, तिच्या पाठीवर आता कांद्याच्या गोणीची नक्षी आहे, काचेच्या पेटीत तुम्हाला शोभली नसती. ... हो, गोणीचीच. ते सांगत बसलो तर संध्याकाळ होईल."

मी पैशांचं काढलं. ते म्हणाले, ठरलेत तेवढेच, एक रुपया कमी नाही. बरं वाटलं, कमी म्हणाले असते तर मी भांडले असते. पाठीवरच्या चौकोनांचं विचारलं, घासून काढता येतील का. "येतील. काढ, नाहीतर ठेव. मला कशाला विचारतेस, तुझी आहे."

मग त्यांनी केस उघडली, खुर्ची माझ्यासाठी ओढली आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसले. "वाजव," म्हणाले. "फोनवर अर्धं ऐकू येत नाही."

मी बाबांची चाल वाजवली. दोन ठिकाणी चुकले, कारण ते ऐकत होते. शिवाय माझं लक्ष सारखं त्यांच्या डाव्या हाताकडे जात होतं. ते डोळे मिटून बसले होते आणि डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलत होती, दोन न वळणारी सोडून बाकीची, कधी दाबल्यासारखी, कधी सुटल्यासारखी. मी थांबले तेव्हा तीही थांबली. फार दुखत असावीत. बोलले मात्र एका शब्दाने नाहीत, उलट म्हणाले, "परत. पूर्ण."

शनिवारी जाणार आहे, त्यांनीच बोलावलंय. आजीचं निरगुडीचं तेल घेऊन जाईन.